अल्कांतराच्या पुलाची 'एकदाही न झालेली' दुरुस्ती

हा फॉरवर्ड तुमच्याकडेही आला असेल. "स्पेनमधला अल्कांतराचा पूल! रोमनांनी २००० वर्षांपूर्वी बांधला. सिमेंट नाही, सळई नाही, आजवर एकदाही दुरुस्ती नाही. रोमन काँक्रीटचं रहस्य शास्त्रज्ञांना अजून उलगडलेलं नाही. कमानीचा लाकडी आधार काढताना इंजिनिअरला तिच्याखाली उभं करत. ब्रिटिशांचेही पूल टिकले, आपले पहिल्या पावसात वाहून जातात!" खाली हात जोडलेले.

आधी फोटो. तीन मजली कमानींचा तो फोटो अल्कांतराचा नाहीच, फ्रान्समधल्या निम शहराजवळच्या पाँ द्यु गारचा आहे. तो शहराला पाणी नेणारा जलसेतू. अल्कांतराचा पूल एकमजली, सहा कमानींचा. पोर्तुगालच्या सीमेजवळ ताहो नदीवर, ट्रेजन सम्राटाच्या काळात, इसवी सन १०४ ते १०६ दरम्यान बांधलेला. म्हणजे वय १९०० च्या थोडं वर. शंभर वर्षं इकडे-तिकडे, ती सोडून देऊ.

'एकदाही दुरुस्ती नाही' हे मात्र सोडून देता येत नाही. या पुलाचा इतिहास म्हणजे पाडा आणि बांधा, पाडा आणि बांधा. मोक्याच्या जागी असल्यामुळे इथून जाणाऱ्या प्रत्येक सैन्याला तो हवा असायचा, आणि पळणाऱ्या प्रत्येक सैन्याला तो मागच्याला मिळू नये असं वाटायचं. मध्ययुगात मोडलेली एक कमान स्पेनचा राजा पाचव्या चार्ल्सच्या राजवटीत, १५४३ साली पुन्हा उभी राहिली. अठराव्या शतकात स्पेन-पोर्तुगालच्या झटापटीत पुन्हा कमान गेली, पुन्हा बांधली. १८०९ साली नेपोलियनच्या फ्रेंचांना अडवायला इंग्रज-पोर्तुगीज फौजेने सुरुंग लावून एक कमान उडवली. गंमत बघा, १८१२ साली ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या सैन्याला तोच पूल हवा झाला, तेव्हा त्याच्या इंजिनिअरांनी त्या खिंडारावर जाड दोरांचा झुलता पूल टाकला. पुढे १८३६ साली स्पेनच्या गादीवरून पेटलेल्या कार्लिस्ट युद्धात पुन्हा नासधूस. नीट, पक्की दुरुस्ती झाली ती १८६० साली, आणि तीही चुन्याचा मसाला वापरून. म्हणजे आज आपण 'सिमेंट नाही, काही नाही' म्हणत ज्याच्यासमोर सेल्फी काढतो, त्यातला काही भाग आपल्या सत्तावनच्या उठावानंतरचा आहे!

आणखी एक. पुलाच्या वरच्या अंगाला, चालत जाण्याच्या अंतरावर १९६९ साली प्रचंड काँक्रीटचं धरण झालं. त्या काळात पात्र कोरडं करता आलं, आणि खांबांच्या पायथ्याची डागडुजी झाली. रोमन पुलाच्या पायाची काळजी घ्यायला आधुनिक काँक्रीटवाल्यांची संधी कामी आली, हे फॉरवर्डमध्ये कोण लिहिणार?

काँक्रीटच्या रहस्याबद्दल थोडक्यात. एकाच निरोपात 'सिमेंट नाही' आणि 'रोमन काँक्रीटचं रहस्य', दोन्ही कसं चालेल? रोमन काँक्रीट बघायचं तर रोममधल्या पँथिऑनचा घुमट बघा. मूळ अल्कांतरा घडीव ग्रॅनाइटच्या चिऱ्यांचा, मसाल्याशिवाय रचलेला. कमानीत प्रत्येक दगड शेजाऱ्याला दाबून धरतो, आणि ग्रॅनाइट दाबाखाली सहसा हार मानत नाही. मधल्या दोन कमानींचे गाळे जवळपास २८ मीटरचे आहेत. यात गूढ नाही, उत्तम गवंडीकाम आहे. त्याला दाद द्याच.

कमानीखाली उभ्या केलेल्या इंजिनिअरची गोष्ट ऐकायला झकास आहे. पण रोमन बांधकामावरचा आपल्यापर्यंत पोचलेला मोठा ग्रंथ विट्रुव्हियस या रोमन वास्तुतज्ज्ञाचा, आणि त्याच्या दहा खंडांत ती नाही. या पुलाच्या बांधणाऱ्याचं नाव मात्र आपल्याला ठाऊक आहे: गायस युलियस लाकेर. पुलाच्या टोकाशी एक चिमुकलं दगडी देऊळ आहे, तिथल्या लेखात हा पूल युगानुयुगं टिकेल, असं स्वतःच्या कामाविषयी म्हटलं आहे. फॉरवर्डची परंपरा जुनी म्हणायची!

आता 'जुने टिकले, नवे पडले'. टिकलेलेच दिसतात, पडलेल्यांचे फोटो कोण पाठवतो? याच ताहोवर, वरच्या अंगाला, अल्कोनेतारचा रोमन पूल होता. तो मध्ययुगापासूनच मोडका, लोक तिथे होडीने नदी ओलांडत. उरलेले अवशेषही त्याच धरणाच्या जलाशयात बुडायचे, म्हणून १९७० साली ते उचलून काही किलोमीटर दूर नेऊन ठेवले. खुद्द रोममध्ये टायबरवर 'पोंते रोत्तो', म्हणजे शब्दशः 'मोडका पूल', आहे. १५९८ च्या पुरात त्याचा मोठा भाग वाहून गेला. आज नदीत एकच कमान उभी आहे. आणि ब्रिटिशांचं म्हणाल, तर २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवर जो पूल गेला, दोन एसटी गाड्यांसकट, तो ब्रिटिशांच्याच काळातला दगडी कमानींचा होता. हा मुद्दा लिहिताना थट्टा करवत नाही.

कधी अल्कांतराला गेलात तर वर सान बेनितोचा जुना मठही बघा, अल्कांतराच्या सरदारसंघाचा, म्हणजे धर्मासाठी लढणाऱ्या सरदारांच्या संघटनेचा. पण आधी पुलाच्या मध्यावरच्या त्या उंच कमानीखाली थांबून मान वर करा. तिथे ट्रेजनचं नाव कोरलेलं आहे. त्याच कमानीवर पाचव्या चार्ल्सचाही लेख आहे, आणि राणी इसाबेल दुसरीचाही. दुरुस्ती केल्याचे.