डोंगर काळाच का ठेवला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सूर्यासमोरच्या काळ्या सुळक्याच्या माझ्या फोटोवर तुम्ही सविस्तर लिहिलंत, त्यामुळे उत्तरही सविस्तर देतो. तुमचे आक्षेप तीन. एक, डोंगर काळा करणं ही पळवाट आहे, एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड) खाली आणलं की कुठलाही डोंगर असाच दिसतो. दोन, डोळ्यांना उतार दिसतोच, तेव्हा कमी-जास्त उजेडाचे दोन-तीन फोटो, म्हणजे एक्स्पोजर, जोडून उतारावरची झाडं-खडक दाखवता आले असते. तीन, एवढा मोठा सूर्य खरा असूच शकत नाही, तो नंतर चिकटवलेला आहे. शेवटी तुम्ही विचारलंय की मोबाइलवर हे का जमत नाही.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोघांची उत्तरं बरीचशी त्यातूनच निघतात.

सूर्य चिकटवलेला नाही. आकाशात सूर्याची रुंदी अर्ध्या अंशाहून किंचित जास्त असते, मग तो डोक्यावर असो की क्षितिजावर. लांब पल्ल्याची लेन्स लावली की सूर्य मोठा होतो, पण डोंगरही तेवढ्याच पटीत मोठा होतो. दोघांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण लेन्सने बदलत नाही, ते बदलतं आपण किती लांब उभे आहोत त्यावर. ५० मीटर उंचीचा सुळका एक किलोमीटरवरून पाहिला तर सूर्याच्या पाचपटीहून उंच दिसतो. तोच सुमारे साडेपाच किलोमीटरवरून पाहिला तर सूर्याएवढाच दिसतो. मागे सरकत गेलात की डोंगर लहान होत जातो, सूर्य मात्र होता तेवढाच राहतो. मग ५०० मिलिमीटरची लेन्स लावून दोघांना एकत्र जवळ ओढायचं. फुल फ्रेम सेन्सरवर (कॅमेऱ्यातली ३६ मिलिमीटर रुंद, प्रकाश टिपणारी पट्टी) सूर्य तेव्हा साडेचार मिलिमीटरच्या आसपास भरतो, म्हणजे चौकटीच्या रुंदीचा साधारण आठवा भाग. या फोटोत जे दिसतंय ते एवढंच आहे. त्यासाठी पाय वापरावे लागतात, सॉफ्टवेअर नाही.

आता 'एक्स्पोजर खाली आणलं की झालं' याबद्दल. एक्स्पोजर हा या कामातला सगळ्यात शेवटचा आणि सगळ्यात सोपा भाग आहे. सूर्य सुळक्याच्या नेमका मागे यायला हवा, म्हणजे आपल्याला त्या सुळक्याच्या टोकाच्या सावलीत जाऊन उभं राहायला हवं. आणि ती सावली सरकत असते. सूर्य साधारण दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा पुढे जातो. साडेपाच किलोमीटरवर अर्धा अंश म्हणजे पन्नासेक मीटर, तेव्हा जागा चुकली तर त्या दोन मिनिटांत ट्रायपॉड उचलून पन्नास मीटर पळायचं, तेही जमीन मोकळी असेल तर.

दिवस निवडणं त्याहून नाजूक. मार्च आणि सप्टेंबरमध्ये, विषुवदिनांच्या (दिवस-रात्र जवळजवळ समान असतात ते दिवस) आसपास, उगवतीची-मावळतीची जागा क्षितिजावर रोज ०.४ अंशाने किंवा त्याहून जास्त सरकते. जितकं विषुववृत्तापासून लांब, तितकं हे सरकणं मोठं, आणि साधारण ४१ अक्षांशापलीकडे ते एका दिवसात सूर्याच्या रुंदीहूनही जास्त होतं. एक संध्याकाळ हुकली की त्या जागेवरून योग गेला. जून आणि डिसेंबरच्या अयनदिनांजवळ (सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस) मात्र सूर्य जवळजवळ त्याच जागी थबकतो आणि तीच चौकट कित्येक दिवस मिळते. जपानमध्ये ३,७७६ मीटर उंच फुजीच्या माथ्यावर सूर्य टेकतो त्याला 'डायमंड फुजी' म्हणतात. तो एकाच जागेवरून साधारणपणे वर्षातून दोनदाच दिसतो, म्हणून लोक तारखेप्रमाणे जागा बदलत फिरतात.

आणखी एक खाच आहे, ती फार कमी जण लक्षात घेतात. पंचांगातली किंवा अ‍ॅपमधली सूर्यास्ताची वेळ आणि दिशा सपाट क्षितिजासाठी असते. शिखर क्षितिजापासून तीन अंश वर असेल तर सूर्य तिथे आधीच पोहोचतो, आणि तिरका उतरत असल्यामुळे दिशाही वेगळी असते. ४५ अक्षांशावर विषुवदिनाला तो साधारण ४५ अंशांच्या तिरकसपणे उतरतो, म्हणजे तीन अंश उंचीमागे जवळपास तीन अंश बाजूला. सूर्याच्या पाच-सहा रुंदींची चूक! हिशेब शिखराच्या उंचीवरचाच करावा लागतो.

दुसरा आक्षेप, तपशिलाचा. सूर्य डोंगराच्या मागे असतो तेव्हा आपल्याकडची बाजू त्याच्या स्वतःच्याच सावलीत असते. तिच्यावर पडतो तो फक्त आकाशाचा पसरट उजेड. तीन एक्स्पोजर जोडून ती बाजू उजळली तर तिथे राखाडी, सपाट उतार मिळेल. खडकाची घडण दिसायला बाजूने येणारं ऊन लागतं. उतारच दाखवायचा असेल तर वेगळ्या वेळी, वेगळ्या दिशेने जावं, आणि तो फोटो मी आनंदाने काढेन. डोळ्यांना उतार दिसतो म्हणता, तेही अर्धंच खरं आहे. नजर उतारावर नेली की डोळा जुळवून घेतो, पण सूर्याजवळ पाहताना डोळ्यातच प्रकाश विखुरतो आणि उतार काळवंडतो.

तुमची एक गोष्ट मात्र पूर्ण पटते. काळं केल्याने सामान्य डोंगर सुंदर होत नाही. आत काहीच उरत नाही, तेव्हा सगळा भार कडेवर येतो. कडेला खाच, सुळका, खिंड, वाकडं झाड असं काही नसेल तर तो नुसता काळा ढीग. म्हणून मी आधी धार पाहतो आणि मग सूर्याचा विचार करतो. हवेत थोडं धुकट असेल तर फारच उत्तम: सूर्याकडे पाहताना धूलिकण प्रकाश पुढे फेकतात, त्यामुळे मागच्या रांगा फिकट होत जातात आणि जवळची सगळ्यात गडद राहते. काळ्यातही पायऱ्या असतात.

मीटरिंग, म्हणजे कॅमेऱ्याचं उजेड मोजणं, सूर्यावर करू नका, त्याच्या बाजूच्या उजळ आकाशावर करा. आणि डीएसएलआर कॅमेऱ्याच्या ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावून थेट लेन्समधून पाहायची खिडकी) टेलिफोटोने, म्हणजे लांब पल्ल्याच्या लेन्सने, सूर्याकडे कधीही पाहू नका. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, त्यामुळे इजा होताना समजतच नाही. एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लावून पाहणंही सुरक्षित नाही, त्यातून डोळ्याला न दिसणारे अवरक्त किरण येऊ शकतात. मागच्या स्क्रीनवर पाहा, आणि काम झालं की कॅमेरा सूर्यावरून वळवा.

मोबाइलचं उत्तर सोपं आहे. त्याच्या मुख्य कॅमेऱ्याची चौकट २४ मिलिमीटर लेन्सएवढी रुंद असते, तिच्यात सूर्य रुंदीच्या दीडशेव्या भागाहूनही लहान येतो. शिवाय एचडीआर, म्हणजे मोबाइलची अनेक एक्स्पोजर जोडण्याची सोय, आपणहून सावल्या उजळतं. ते बंद करा, आकाशावर बोट टेकवून उजेडाची पट्टी खाली ओढा, आणि सूर्य अर्धा कड्याआड गेल्यावर बटण दाबा. मोठा सूर्य मिळणार नाही, पण धार नक्की मिळेल. जमला तर इथेच टाका, मला पाहायचा आहे.