कुवेत, ३ नोव्हेंबर १९१४: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर द्यायला हात धजला नाही, कारण तिच्यात राग आहे आणि तो कुठून आलाय हेही तुम्ही मोकळेपणानं लिहिलंय. तुमचे पणजोबा ११७व्या मराठा पलटणीतून मेसोपोटेमियाला (आजच्या इराकमध्ये) गेले आणि तिथल्या कुत-अल-अमारा गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यानंतर त्यांची काहीच खबर घरी आली नाही. मी मात्र पहिल्या महायुद्धातल्या कुवेतवर लिहिताना तिथला शासक शेख मुबारक अल-सबाहच्या मुत्सद्देगिरीचं कौतुक करत राहिलो. तुमचं म्हणणं असं: कुवेत १८९९पासून ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होतं हे माझं वाक्य चूक आहे, मुबारक ही पैसे घेऊन नाचणारी कळसूत्री बाहुली होती, आणि ब्रिटिशांनी १९१८मध्ये केलेली कुवेतची नाकेबंदी मी दोन ओळींत उरकली.

पहिला आक्षेप पूर्ण मान्य. २३ जानेवारी १८९९च्या गुप्त करारात मुबारकनं फक्त बंधनं स्वीकारली होती. ब्रिटिशांच्या संमतीशिवाय दुसऱ्या कुठल्याही सत्तेचा प्रतिनिधी ठेवून घ्यायचा नाही, आणि जमीन विकायची, भाड्यानं द्यायची किंवा गहाण टाकायची नाही. बदल्यात त्याला १५,००० रुपये मिळाले. 'संरक्षण' हा शब्द त्या करारात नाही. उलट १९१३च्या जुलैमध्ये लंडननं ऑटोमन (तुर्की) सरकारशी जो मसुदा केला, त्यात कुवेत हा ऑटोमन साम्राज्याचाच एक स्वायत्त भाग मानला होता. तो मसुदा कायम होण्याआधीच युद्ध आलं. मूळ लेखातलं वाक्य मी आज दुरुस्त केलं आहे.

हा फरक तारखेपुरता नाही. संरक्षणाचा शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला तो ३ नोव्हेंबर १९१४ला, इराणच्या किनाऱ्यावरच्या बुशहरमधून, म्हणजे आखातातल्या ब्रिटिश रेसिडेन्सीतून, नॉक्स या ब्रिटिश अधिकाऱ्यानं मुबारकला लिहिलेल्या पत्रात. ब्रिटननं तुर्कस्तानविरुद्ध अधिकृतपणे युद्ध पुकारलं ५ नोव्हेंबरला, म्हणजे पत्र दोन दिवस आधीचं. आणि तुमचे पणजोबा इथे थेट येतात. त्यांची पलटण पुणे डिव्हिजनच्या सोळाव्या ब्रिगेडमध्ये होती. ही ब्रिगेड १६ ऑक्टोबरला मुंबईहून निघाली, बहारीनजवळ जहाजांतच थांबून राहिली आणि ६ नोव्हेंबरला शत्त-अल-अरब नदीच्या मुखाशी, फावच्या किनाऱ्यावर उतरली. पत्र मुबारकसाठी लिहिलं जात होतं तेव्हा मराठा शिपाई आखातात आधीच पोचलेले होते. शेखाशी सौदा आणि शिपायांची जहाजं ही एकाच हालचालीची दोन अंगं होती. मी लेखात पहिलं अंग रंगवलं आणि दुसरं विसरलो. ही चूक मला तारखेच्या चुकीपेक्षा जास्त लागली.

आता पत्रात काय होतं ते पाहू, कारण दुसऱ्या आक्षेपाचं उत्तर तिथेच आहे. मुबारकनं शेजारची तुर्की ठाणी उम्म कसर, सफवान आणि बुबियान ताब्यात घ्यावी, इराणच्या बाजूच्या मोहमराचा शेख खझल आणि नज्दचा (मध्य अरबस्तानाचा) शासक इब्न सऊद यांच्यासोबत बसरा तुर्कांपासून सोडवावा, ते जमलं नाही तर ब्रिटिश फौज पोचेपर्यंत तुर्की कुमक अडवावी, अशी मागणी होती. बदल्यात तीन वचनं होती. बसरा पुन्हा तुर्कांकडे जाणार नाही. फाव आणि कुर्ना यांच्या दरम्यानच्या मुबारकच्या खजुराच्या बागा त्याच्याकडे आणि त्याच्या वंशजांकडे करमुक्त राहतील. आणि कुवेत हे ब्रिटिश संरक्षणाखालचं स्वतंत्र शासन मानलं जाईल.

कळसूत्री बाहुलीला कुणी बागांचं वचन देत नाही. या माणसानं १८९६मध्ये स्वतःच्या दोन भावांना ठार करून गादी घेतली, तुर्की सुलतान आणि ब्रिटिश यांच्यामध्ये वीस वर्षं वाट काढली, आणि १९०७मध्ये शुवैख बंदराची जमीन भाड्यानं देताना ब्रिटिशांकडून वर्षाला ६०,००० रुपये कबूल करून घेतले. आठ वर्षांपूर्वी एकदाच मिळालेले १५,००० आठवा, म्हणजे त्याचा भाव कसा चढला ते कळतं. तिथला पोलिटिकल एजंटही आपल्या संस्थानांच्या इतिहासात भेटतो तसा नव्हता. पद तेच, वरचं खातंही हिंदुस्थान सरकारचंच, टपाल हिंदुस्थानी, नाणं रुपया. पण कुवेती माणसाचा न्यायनिवाडा आणि कर ही शेखाची सत्ता. १९०४मध्ये पहिला एजंट आला, आणि हाच नॉक्स तो पहिला एजंट. तरी घरच्या कारभारात त्याचा शब्द चालत नव्हता. 'वसाहत' हा शब्द मी म्हणूनच टाळला, आणि तो यापुढेही टाळेन.

पण मुबारक बाहुली नव्हता असं म्हटलं की त्याची जबाबदारी वाढते, कमी होत नाही. तुमच्या प्रतिक्रियेनंतर ते पत्र मी पुन्हा वाचलं आणि एक गोष्ट डोळ्यांत भरली. बागा त्याच्या, वंशज त्याचे. गावाचं काय? मोत्यांसाठी बुडी मारणारे, बूम या मोठ्या गलबतांतून मुंबईची वाट पकडणारे खलाशी, बाजारातले तांदळाचे व्यापारी, यांच्यासाठी त्या पत्रात वेगळी एक ओळ नाही. वचन एका घराला होतं.

आणि गावाला हे कळत होतं. १९१०मध्येच मुबारकच्या जादा करांना आणि लढायांसाठीच्या माणसांच्या मागणीला कंटाळून मोत्यांचे बडे व्यापारी, त्यांत हिलाल अल-मुतैरी, कुवेत सोडून बहारीनला गेले होते. त्यांची समजूत काढून त्यांना परत बोलवावं लागलं. मग १९१५च्या सुरुवातीला खझलच्या मुलखात टोळ्यांनी बंड केलं, तेव्हा मुबारकनं त्याच्या मदतीला कुवेतहून माणसं पाठवायची ठरवली. तोवर इस्तंबूलहून जिहादची हाक आली होती. खलिफाच्या, म्हणजे तुर्की सुलतानाच्या विरुद्ध, ब्रिटिशांच्या बाजूनं आम्ही शस्त्र धरणार नाही, असं कुवेतच्या लोकांनी सांगितलं. भावांचा खून पचवलेल्या, आखातभर दरारा असलेल्या त्या म्हाताऱ्या शेखाला माघार घ्यावी लागली. शहरातल्या दोन धर्मपंडितांवर, शन्कीती आणि हाफिज वहबा यांच्यावर, चिथावणीचा ठपका आला. २८ नोव्हेंबर १९१५ला मुबारक वारला.

हा प्रसंग माझ्या मूळ लेखात नव्हता. तो नसल्यामुळेच तुम्हाला तिथे फक्त शेख आणि साहेब दिसले. तुम्ही 'बाहुली' म्हणालात त्यात लेखाचाही दोष आहे.

नाकेबंदीचं मात्र इतक्या सरळ मान्य करता येत नाही. १९१७मध्ये मुबारकचा मुलगा सालिम गादीवर आला. तो धार्मिक वृत्तीचा, ब्रिटिशांविषयी वडिलांइतका व्यवहारी नसलेला. युद्धात कुवेतचा बाजार तेजीत होता. हिंदुस्थानातून येणारा तांदूळ, साखर, कापड उंटांच्या काफिल्यांवरून तुर्कांच्या बाजूच्या, हाइलच्या इब्न रशीदकडे आणि तिथून दमास्कसकडे, तुर्की फौजांपर्यंत जात होतं. ते रोखायला ब्रिटिशांनी नाकेबंदी केली. तुम्ही या नाकेबंदीला 'निव्वळ क्रौर्य' म्हणता. पण मराठा शिपायांच्या छातीवर बंदूक रोखणाऱ्या फौजेला हाच माल पोचत होता, हे विसरून कसं चालेल? कारण खरं होतं.

चूक होती ती हिशेबात. कुवेतमध्ये शेती जवळपास नाही. प्यायचं पाणीसुद्धा शत्त-अल-अरबहून होड्यांनी यायचं. अशा शहराला किती तांदूळ पुरे, हे हिंदुस्थानातला माल सोडणारे अधिकारी कागदावर ठरवू लागले. काफिलेवाला व्यापारी आणि रोज विकत घेऊन खाणारा पाणक्या दोघं एकाच मापात मोजले गेले. आणि १९१८च्या जुलैमध्ये सालिमला लेखी बजावण्यात आलं की ब्रिटिश हितांविरुद्धचे उद्योग त्यानं थांबवले, तरच संरक्षण चालू राहील. चार वर्षांपूर्वी बक्षीस म्हणून दिलेला शब्द आता दंडुका झाला होता. लेखात मी नाकेबंदीला 'प्रशासकीय उपाय' म्हटलं होतं. ते शब्द मी काढून टाकले आहेत.

१९१४च्या वचनांचं पुढे काय झालं, असंही तुम्ही विचारलंत. बसरा तुर्कांकडे परत गेला नाही, हे खरं. बागांचा करमुक्तीचा आणि मालकीचा वाद मात्र इराकचं राज्य उभं राहिल्यावर पेटला आणि अल-सबाह घराण्याला वर्षानुवर्षं पुरला. ज्या जमिनीवर उद्या कुणाचं राज्य असेल हे माहीत नाही, तिच्या करमाफीचं वचन दिलं होतं. आणि स्वतंत्र शासनाचं म्हणाल तर १९२२च्या डिसेंबरात अरबस्तानाच्या किनाऱ्यावरच्या उकैरला ब्रिटिश अधिकारी पर्सी कॉक्सनं सीमा आखल्या, तेव्हा १९१३च्या मसुद्यात कुवेतकडे दाखवलेला जवळपास दोन तृतीयांश मुलूख इब्न सऊदच्या नज्दला गेला. कुवेतचा शेख अहमद तिथे नव्हताच. त्याच्या वतीनं बसला होता ब्रिटिश पोलिटिकल एजंट.

शेवटचा प्रश्न तुमच्या पणजोबांच्या नावाचा. बसरा स्मारकावर चाळीस हजारांहून जास्त मृतांची नोंद आहे, ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशांची. तिथे ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली आहेत, हिंदुस्थानी अधिकाऱ्यांचीही आहेत. साध्या हिंदुस्थानी शिपायांचे मात्र पलटणीच्या नावाखाली फक्त आकडे कोरले गेले. त्यामुळे दगडावर शोधू नका. शिपायांची नावं नोंदवह्यांत आहेत. त्यांचा पलटणीतला शिपाई-क्रमांक किंवा गावाचं नाव असलेला एखादा जुना कागद, पेन्शनचा किंवा मनीऑर्डरचा, घरात असेल तर मला कळवा. ११७व्या पलटणीची यादी आपण दोघं मिळून चाळू.