कोंडून दारू सुटत नाही, भो

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया जवळ आली की आमच्या भाऊबंदकीच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरतो: ‘व्यसन हा आजार नाही, नाटक आहे. शपथ घाला, चार दिवस खोलीत कोंडा, पाचव्या दिवशी माणूस सरळ. नाहीतर दारू सोडवायची पावडर गुपचूप भाजीत कालवा.’

आधी कोंडण्याचं बघू. दारू मेंदूला मंदावते. रोज पिणाऱ्याचा मेंदू त्याची भरपाई म्हणून जादा जोराने चालायला शिकतो. दारू एकदम तोडली की तो जोर मोकाट सुटतो. काही तासांत हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत काहींना भ्रम होतो. आमच्या एका काकांना असंच कोंडलं होतं. पहिल्या सकाळी बशीतला चहा ओठापर्यंत पोचेना. तिसऱ्या रात्री ते चादरीवरून काहीतरी वेचून मांडीवर गोळा करत बसले. “काय करता काका?” तर म्हणे, “कापूस येचतो.” घरच्यांना वाटलं बाहेरचं लागलं. भगताला निरोपही गेला. शेजारच्या आशाताईंनी गाडी बोलावली म्हणून काका राहिले. उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस जाऊ शकतो. मेसेज कुलूप लावायला सांगतो तेच चार दिवस दवाखान्यात काढायचे असतात.

नशेच्या गोळ्यांचंही तसंच. मालेगाव-धुळ्याकडे जिला ‘कुत्ता गोली’ म्हणतात ती अल्प्राझोलाम, म्हणजे घबराट-झोपेची गोळी. महिनोन्‌महिने घेणाऱ्याने ती एका दिवसात तोडली तरी फिट येऊ शकते. डॉक्टर तिचा डोस हळूहळू उतरवतात.

पावडरीत काय असतं ते विकणाराच जाणे. डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असेल आणि वरून दारू पडली, तर उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, दुबळ्या हृदयाच्या माणसाच्या जिवावर बेततं. म्हणून डॉक्टर हे औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच देतात.

राहिली शपथ. तिला माझा विरोध नाही. काकांनी कानबाई देवीपुढे तीनदा घेतली, खोटी एकदाही नव्हती. मोडली मात्र तिन्ही वेळा बाजारच्या दिवशी, हातात मजुरी आणि वाटेत तोच अड्डा. दवाखान्यातून आल्यावर मजुरी काकूंच्या हातात द्यायचं ठरलं आणि बाजाराला पुतण्या सोबत जायला लागला. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्याच.

घरात असं कोणी असेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी नंबर आहे, फुकट लागतो. ग्रुपवर तो टाकला तर दोन अंगठे आले. मेसेजला चाळीस.