हेलिकॉप्टर दगडासारखं पडत नाही: गावभर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

आमच्या तासगाव भागातल्या एका लग्नात नवरा-नवरी हेलिकॉप्टरमधून उतरले. त्याचा व्हिडिओ गेल्या आठवड्यात सगळ्या ग्रुपवर फिरला आणि त्याच्याबरोबर एक मेसेजही आला: “हेलिकॉप्टर म्हणजे श्रीमंतांचं खेळणं. इंजिन बंद पडलं की दगडासारखं खाली, कुणी वाचत नाही. भाड्यानं मिळतात ती सगळी तीस-तीस वर्षांची भंगार. अमेरिकेत शेतकरी हेलिकॉप्टरनं औषध मारतो, आपल्याला सरकार मारू देत नाही, म्हणून आपण मागे.”

मी सतरा वर्षं हलक्या हेलिकॉप्टरांच्या देखभालीत काढली. आता मणेराजुरीत दोन एकर द्राक्षबाग बघतो. हा मेसेज माझ्या दोन्ही कामांबद्दल चुकीचं बोलतो आणि लोक तो खरा मानून पुढे पाठवताहेत, म्हणून लिहायला बसलो.

आधी ते दगडाचं. इंजिन आणि वरचा मोठा पंखा यांच्यामध्ये फ्रीव्हील असतं, सायकलच्या मागच्या चाकाला असतं तसंच. पायडल थांबलं तरी चाक फिरत राहतं, तसा इंजिन थांबलं तरी पंखा मोकळा फिरतो. पायलट डाव्या हाताचा कलेक्टिव्ह, म्हणजे पात्यांचा कोन बदलणारा दांडा, लगेच खाली करतो, पात्यांचा कोन कमी होतो आणि खाली उतरताना खालून वर येणारा वाराच पंखा फिरवत ठेवतो. जत्रेतल्या भिरभिऱ्याला कुठं इंजिन असतं? जमिनीजवळ आल्यावर पायलट नाक वर उचलून वेग कमी करतो आणि फिरत्या पंख्यात साठलेली ताकद वापरून यंत्र अलगद टेकवतो. याला ऑटोरोटेशन म्हणतात आणि हेलिकॉप्टरचा प्रत्येक पायलट लायसन्सच्या आधी ते शिकतो.

याचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्याशी जोडलेलं आहे. भारतीय सैन्याला हिमालयात चालेल असं हलकं हेलिकॉप्टर हवं होतं, त्यातून फ्रान्समध्ये ‘लामा’ तयार झालं. २१ जून १९७२ रोजी फ्रेंच पायलट ज्याँ बूले यांनी ते १२,४४२ मीटरवर नेलं. एव्हरेस्टच्या कितीतरी वर. तिथल्या थंडीत इंजिन विझलं ते पुन्हा सुरू झालंच नाही. बूले तेवढ्या उंचीवरून इंजिनाशिवाय खाली आले आणि सुखरूप उतरले.

मग धोका नाहीच का? आहे, पण मेसेज सांगतो तिथं नाही. ऑटोरोटेशनला उंची तरी लागते, नाहीतर पुढे जाण्याचा वेग तरी. दोन्ही नसलं तर पायलटच्या हातात काही उरत नाही. शंभर-दीडशे फुटांवर एका जागी थांबलेलं हेलिकॉप्टर नेमकं तसं असतं. मंडपावर थांबून फुलं उधळतात ती हीच जागा, आणि खाली पाचशे माणसं मान वर करून उभी असतात. रॉबिन्सन आर-२२ सारख्या छोट्या यंत्राचा पंखा हलका असतो, तिथं कलेक्टिव्ह खाली करायला एक-दोन सेकंदच मिळतात. अमेरिकेनं १९९५ मध्ये या यंत्रासाठी वेगळ्या प्रशिक्षणाचा नियम केला तो उगाच नाही. तेव्हा भीती बाळगायचीच असेल तर एका जागी थांबण्याची बाळगा, आणि तारांची. कमी उंचीवर काम करणाऱ्या पायलटला विजेची तार फार उशिरा दिसते. मंडपाचं सुटं कापड, ताडपत्री, चुकून मागच्या पंख्याकडे धावलेलं पोर, यातलं एकेक मला इंजिनापेक्षा जास्त घाबरवतं.

“तीस वर्षांचं भंगार” हे बोलणाऱ्यानं साखर कारखाना आठवावा. गळीत हंगाम संपला की मिल उघडतात, रोलर काढतात, घासलेलं बदलतात, मगच पुढचा बॉयलर पेटतो. कारखाना पन्नास वर्षांचा म्हणून कुणी ऊस द्यायचं थांबवत नाही. हेलिकॉप्टरचंही वय सांगाड्यावर मोजत नाहीत. पाती, गिअरबॉक्स, शाफ्ट, प्रत्येक महत्त्वाच्या भागाचं कार्ड असतं, त्यावर तास लिहिलेले असतात, आणि तास भरले की तो भाग कितीही चकचकीत दिसला तरी निघतो. रॉबिन्सन आर-४४ चं २,२०० तासांनी किंवा १२ वर्षांनी, जे आधी येईल तेव्हा, पूर्ण ओव्हरहॉल ठरलेलं आहे. बेल ४७ ला १९४६ मध्ये जगातलं पहिलं नागरी हेलिकॉप्टर म्हणून प्रमाणपत्र मिळालं, त्यातली काही आजही उडतात. भाड्यानं घेणाऱ्यानं वर्ष विचारू नये. चार्टरचा परवाना आणि देखभालीच्या नोंदी विचाराव्यात.

“श्रीमंतांचं खेळणं” म्हणणाऱ्यानं साताऱ्याजवळच्या मिलिटरी अपशिंग्यात जाऊन तसं म्हणून बघावं. घरटी एक माणूस फौजेत असलेलं ते गाव. १९८४ पासून सियाचीनच्या ठाण्यांवर सामान नेणारं आणि जखमी जवान खाली आणणारं ‘चीता’ म्हणजे एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) या सरकारी कंपनीनं भारतात बांधलेलं तेच लामा. ऑस्ट्रेलियात छोट्या आर-२२ नं गुरं हाकतात. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात पाऊस पडून गेला की चेरीच्या बागांवरून हेलिकॉप्टर फिरवतात, कारण फळावर पाणी साचलं तर चेरी तडकते. अवकाळीनंतर घडातलं पाणी झटकायला आपण द्राक्षबागेत रिकामा ब्लोअर, म्हणजे मोठ्या पंख्याचं फवारणी यंत्र, फिरवतो, तेच हे. पहिल्यांदा हे समजलं तेव्हा मला फार जवळचं वाटलं.

आता फवारणी. हा मुद्दा सगळ्यात घातक, कारण तो शेतकऱ्याच्या रागावर बसवलाय. सरकार मारूच देत नाही, हे खरं नाही. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत हवाई फवारणीसाठी वेगळा नियम आहे: मान्य औषधच वापरायचं, किमान २४ तास आधी लोकांना कळवायचं, ठरावीक काळ माणसं-जनावरं आत जाऊ द्यायची नाहीत. २०२० मध्ये राजस्थानात टोळधाडीवर सरकारनंच बेल हेलिकॉप्टर उतरवलं होतं. एका खेपेत २५० लिटर औषध आणि २५ ते ५० हेक्टर क्षेत्र.

हा हिशेब आपल्या बागेला लावून बघा. एकरी दोन ते चार लिटर झालं. उघड्यावर बसलेल्या टोळाला तेवढं पुरतं. डाउनी हा द्राक्षाचा रोग पानाच्या खालच्या बाजूनं शिरतो, म्हणून आपण ब्लोअरनं एकरी शेकडो लिटर पाणी आत घुसवतो. हेलिकॉप्टरचा वारा पानं उलटवतो हे खरं, पण सावकाश उडताना. वेग वाढला की तो वारा मागे पडतो.

आणि हे नियम कशासाठी आहेत ते केरळातल्या कासरगोडला विचारा. तिथं सरकारी काजूबागांवर १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून २००० पर्यंत हेलिकॉप्टरनं एंडोसल्फान मारलं. बागांखाली वस्त्या होत्या, विहिरी होत्या, ओढे होते. आजारी मुलांची पिढी मोठी झाली तेव्हा, २०११ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं देशभर त्या औषधावर बंदी घातली. अमेरिकेतली शेकडो एकरांची सलग शेतं आणि आपला दीड-दोन एकरांचा तुकडा यांत हाच फरक आहे. वरून पडलेलं औषध बांध ओळखत नाही. निर्यातीच्या बागेत शेजारचं न चालणारं औषध उडून आलं तर रेसिड्यूच्या, म्हणजे फळात उरलेल्या औषधाच्या, तपासणीत माल कुणाचा अडकणार?

माझ्या बागेच्या पूर्वेच्या बांधावरून विजेची लाइन गेली आहे. लाइनीपलीकडे शेजाऱ्यांचं बेदाण्याचं शेड, मार्चमध्ये रॅकवर पसरलेला माल असतो, आणि शेडला लागून त्यांचं घर. मी ज्या पायलटांबरोबर काम केलं, त्यातल्या एकानंही टाकीत औषध भरून या बांधावर हेलिकॉप्टर खाली आणलं नसतं.