खुलासा : गिझरचा ठिबकणारा व्हॉल्व्ह बुजवू नका

‘गिझरखालच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं म्हणजे तो बाद झाला, तोंडाला प्लग लावून टाका,’ असा सल्ला सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय. कृपया तसं करू नका.

थंड पाण्याच्या बाजूला बसवलेल्या या पितळी व्हॉल्व्हमध्ये आत नॉन-रिटर्नही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो. त्यामुळे तापून फुगलेलं पाणी मागे गच्चीवरच्या टाकीकडे जाऊ शकत नाही. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ७५ अंशांवर नेलं की ते सुमारे ३४० मिली जास्त जागा मागतं, म्हणजे चहाचे दोन-तीन कप! दाब वाढला की ते याच तोंडातून थेंबथेंब बाहेर येतं. ते तोंड बुजवलं आणि त्यात थर्मोस्टॅट (पाणी पुरेसं तापलं की वीज तोडणारा भाग) अडकला, तर गिझरची टाकी फुटू शकते.

गिझर तापतानाच ठिबकत असेल तर बिघाड नाही. तोंडाला बारीक नळी लावून मोरीत सोडा. बंद असतानाही गळत असेल तर मात्र आत कचरा किंवा क्षार अडकलाय, नाहीतर प्रेशर पंपाचा दाब जास्त आहे. तेव्हा व्हॉल्व्ह बदला किंवा येणाऱ्या पाण्याचा दाब कमी करणारा प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह बसवा. टेफ्लॉन टेपचे वेढे वाढवून हे थांबत नाही. टेप फक्त जोडाच्या आट्यांसाठी असते.