बहात्तरला कुणी सरकारपुढे हात पसरला नव्हता? मग मिलो कुठून आला?

गावच्या ग्रुपपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत सध्या एक मेसेज फिरतोय. आशय असा: फुकट रेशन आणि लाडक्या बहिणीचे पंधराशे यांनी लोक आळशी झाले, शेतात यायला माणूस मिळेना. बहात्तरच्या दुष्काळात आपल्या आजोबांनी खडी फोडली, पण सरकारपुढे हात पसरला नाही. आताच्यांना ‘आमच्यावर अन्याय झाला’ म्हणत रडायची सवय लागली आहे, आणि हे सगळं चाललंय मूठभर करदात्यांच्या जिवावर. खाली, सत्य वाटलं तर पुढे पाठवा.

आजोबांपासून सुरुवात करू, कारण मेसेजचा सगळा भार त्यांच्याच खांद्यावर टाकलाय. खडी फोडली, हे खरं. पण ती फोडायला लावली कुणी? सरकारनेच. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध अशी दुष्काळी कामं राज्यभर काढली होती आणि १९७३ च्या मे महिन्यात त्यांवर जवळपास ५० लाख माणसं राबत होती. मजुरी सरकारी, मस्टर सरकारी, वाटलेली सुकडी, म्हणजे पौष्टिक कोरडा खाऊ, तीही सरकारी. रेशनला अमेरिकेतून आलेला मिलो, म्हणजे तांबडी ज्वारी. त्याच्या भाकरीचं नाव काढलं की त्या पिढीतली माणसं आजही तोंड वाकडं करतात. ही सरकारी मदत नव्हती तर काय होतं?

बरं, ती त्यांनी मुकाट घेतली असंही नाही. कामं काढा, मजुरी वाढवा, पगार वेळेवर द्या म्हणून मोर्चे निघाले, संप झाले. मुंबईत महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर या नेत्यांबरोबर बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. व्हॉट्सअॅप असतं तर त्यांनाही रडतराऊ म्हणून मोकळे झाले असते लोक.

त्या दुष्काळातून रोजगार हमी उभी राहिली. विचार तेव्हाचे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांचा, कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. मागेल त्याला काम, तेही उपकार म्हणून नाही, हक्क म्हणून. त्यासाठी पैसा उभा करायला १९७५ साली व्यवसाय कर बसवला. पगाराच्या स्लिपवर ‘पीटी’ म्हणून दरमहा २०० रुपये कापलेले दिसतात ना, फेब्रुवारीत ३००, त्याचा उगम हा. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामाचा खर्च उचलायचा, हे महाराष्ट्राने तेव्हाच उघडपणे ठरवलं होतं. मेसेजमधले स्वाभिमानी आजोबा या व्यवस्थेचे लाभार्थी होते, आणि त्यात त्यांच्या स्वाभिमानाला कुठेही धक्का लागला नाही.

आता रेशन. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळत होतं, तांदूळ ३ रुपये किलो, गहू २ रुपये. जानेवारी २०२३ पासून तेच ५ किलो मोफत झालं. म्हणजे फुकटपणाची किंमत माणशी १० ते १५ रुपये, पाच जणांच्या घराला फार तर ७५ रुपये महिना. तेवढे वाचतात म्हणून कुणी महिनाभर घरी बसत असेल, तर त्याला आळशी नाही, जादूगार म्हणावं लागेल. ५ किलो म्हणजे दिवसाला १६६ ग्रॅम, दोन-तीन भाकऱ्यांचं पीठ. तेल, डाळ, मीठ, गॅस, पोरांच्या वह्या यांचं काय?

शिवाय ते धान्य घ्यायला जाऊन बघा एकदा. खुरपून आणि भांडी घासून जिच्या बोटांच्या रेषा झिजल्या, तिचा अंगठा ई-पॉस यंत्राला लागत नाही. बोट पदराला पुसायचं, दुसरं लावायचं, तिसरं लावायचं. सर्व्हर डाऊन असेल तर ‘उद्या या’. त्या उद्याचा रोज बुडतो, तो कुणी धरत नाही.

शेतकऱ्याची तक्रार मात्र खोटी नाही. ऐन सोयाबीन काढणीत माणूस मिळत नाही. पण त्या पंधरवड्यात माणूस सगळ्या शिवारालाच हवा असतो, आणि तरुण पोरं एमआयडीसीत नाहीतर बांधकामावर गेलेली. जे उरलेत ते टोळी करून गुत्तं घेतात, एकरी भाव ठरवून. गुत्त्यात जास्त सुटत असताना रोजाने कोण येईल? हाच व्यवहार व्यापाऱ्याने केला की आपण त्याला हुशार म्हणतो. (पीएम किसानचे वर्षाला ६ हजार खात्यात पडतात, त्याने शेतकरी आळशी झाला असं मात्र या मेसेजमध्ये कुठे नाही.)

पंधराशेचा हिशेबही तसाच. दिवसाला ५० रुपये. बाईचा रोज ३०० धरला तर पाच दिवसांची मजुरी. उरलेला महिना कशावर काढायचा? नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी इंडोनेशिया, मेक्सिको, मोरोक्को अशा सहा देशांतल्या सात रोख मदत योजना तपासल्या. लोकांनी काम कमी केल्याचा ठोस पुरावा त्यांना सापडला नाही.

करदाते मूठभर, हे आयकरापुरतं ठीक. मोबाइल रिचार्जवर १८ टक्के जीएसटी लाडकी बहीणही भरते, आणि तिला रिटर्न भरून काही परत मिळत नाही. उलट २०१९ साली कंपन्यांचा कर कमी केला, तेव्हा वर्षाला १.४५ लाख कोटींचा महसूल सुटेल असं सरकारनेच सांगितलं. २०२५ च्या अर्थसंकल्पात १२ लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त झालं, त्यात सुमारे १ लाख कोटी गेले. ती सूट मीही घेतली, आनंदाने. मध्यमवर्ग आता आळशी होणार, असं कुणी म्हणालं नाही. आणि रडायचंच म्हणाल, तर ‘आम्ही करदाते पिचलो’ हे काय भूपाळी आहे?

लाडक्या बहिणीवर बोलण्यासारखं भरपूर आहे, फक्त ते वेगळ्याच ठिकाणी आहे. योजना जाहीर झाली जून २०२४ ला, विधानसभा निवडणूक नोव्हेंबरला. अर्ज घाईत मंजूर झाले. मग २०२५ मध्ये सरकारच्याच छाननीत सुमारे २६ लाख लाभार्थी अपात्र वाटले, त्यात १४ हजारांवर पुरुष निघाले. ते अर्ज मंजूर करणाऱ्यांना कुणी जाब विचारला? रोजगार हमीसारखा इथे कायदा नाही, त्यामुळे हप्ता कधी येईल, किती येईल, थांबेल का, हे सगळं सरकारच्या मर्जीवर. २०२५-२६ साठी ३६ हजार कोटींची तरतूद केली, आणि सामाजिक न्याय खात्याचा निधी तिकडे वळवला म्हणून त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनीच उघड नाराजी बोलून दाखवली. मागासवर्गीयांच्या योजना की बहिणींचा हप्ता, अशी ओढाताण का करावी लागली, याचं उत्तर अर्थ खात्याने द्यायचं आहे. ते त्या बाईकडे मागू नका.