‘शाळेवर मतं पडत नाहीत’? मग कांद्यावर कशी पडली?

निवडणूक जवळ आली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास फिरतो. त्यात चार मुद्दे असतात. लोक पाणी, रस्ता आणि कांद्यावर मत देतात, शाळेवर नाही. शिक्षण नगरसेवकाच्या हातात नसतं. दिल्लीत शाळा सुधारणारेच हरले. आणि शाळेत राजकारण आणू नये. खाली अंगठ्यांची रांग.

कांद्याचा मुद्दा आधी घेतो, कारण तो निम्मा खरा आहे. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली. लासलगावला लिलाव बंद पडले, शेतकरी रस्त्यावर उतरले. ४ मे २०२४ ला बंदी उठली, म्हणजे नाशिक-दिंडोरीच्या २० मेच्या लोकसभा मतदानाला जेमतेम पंधरवडा उरला असताना. तरीही दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पडल्या आणि पेशाने शिक्षक असलेले भास्कर भगरे निवडून आले. (‘सर’ म्हणवणारे दुसरे एक भगरे अपक्ष उभे होते, तेही लाखावर मतं घेऊन गेले. दोघांच्याही निवडणूक चिन्हात तुतारी असल्याचा घोळ होताच, पण ‘सर’ या शब्दाला अजून भाव आहे म्हणायचं.)

आता त्याच दिवसांतली दुसरी गोष्ट. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारने आरटीईचा, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याचा, नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला २५ टक्के राखीव जागांतून सूट. शहरात एक किलोमीटरच्या आत अशी शाळा बहुतेक असतेच, त्यामुळे गरिबाच्या पोरांचा तो दरवाजा जवळजवळ बंदच झाला. ६ मेला उच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि जुलैत तो बदल रद्दच केला. स्थगिती आली तेव्हा कांद्याची बंदी उठून दोनच दिवस झाले होते, प्रचार ऐन रंगात होता. मी ऐकलेल्या एकाही सभेत आरटीईचा शब्द निघाला नाही. कांद्यासाठी सरकार मतांच्या धाकाने हललं, शाळेसाठी पालकांना कोर्टाची पायरी चढावी लागली. कांदेवाल्यांनी रस्ता अडवला होता. आम्ही पालक ऑनलाइन फॉर्म भरून लॉटरीच्या मेसेजची वाट बघत होतो.

रस्त्यावर कुणी आलंच नाही असंही नाही. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची मुलं शेळ्या घेऊन नाशिकला जिल्हा परिषदेवर आली. शाळा बंद करताय ना, मग आमची दप्तरं घ्या आणि बकऱ्या द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्यातल्या एकालाही मताचा अधिकार नव्हता, एवढंच.

नगरसेवकाच्या हातात काय असतं? महापालिका अधिनियमाच्या कलम ६३ ने प्राथमिक शाळा चालवणं हे महापालिकेचं बंधनकारक काम ठरवलंय. नाशिक महापालिकेच्या शाळा शंभराच्या घरात आहेत आणि त्यांचं बजेट नगरसेवकांच्या महासभेत मंजूर होतं. शिक्षकभरती राज्याच्या पवित्र पोर्टलवरून होते, ती नगरसेवकाच्या हातात नाही, मान्य. पण नळ, संडास, वॉचमन, गळकं छत? यावर ग्रुपमधले एक काका म्हणाले, “त्यासाठी शिक्षक आमदार आहे की.” काका, त्या मतदारसंघात माध्यमिक आणि त्यावरचे शिक्षकच मत देतात. तुमच्या नातवाला पहिलीत बाराखडी शिकवणाऱ्या बाईंना तिथे मत नाही. २०२४ च्या त्या निवडणुकीत नाशिक विभागात चर्चा कशाची होती? जुनी पेन्शन, शाळांच्या अनुदानाचे टप्पे, आणि कापड-नथ वाटल्याचे आरोप. पेन्शनची मागणी रास्तच आहे, पण तिसरीतल्या पोराला वाचता येतं का, हा प्रश्न त्यात कुठेच नव्हता.

दिल्लीचं थोडक्यात. शाळांचा गाजावाजा करूनच आम आदमी पक्षाने २०२० मध्ये ७० पैकी ६२ जागा जिंकल्या. २०२५ मध्ये २२ वर आला, तरी मतं ४३ टक्क्यांवर होती. मधल्या काळात मद्य धोरणाचं प्रकरण आणि मुख्यमंत्र्यांच्या बंगल्याचा खर्च गाजला होता. त्या पराभवाचं खापर बाकांवर आणि फळ्यांवर फोडायचं असेल, तर २०२० चं श्रेयही त्यांनाच द्या.

राहिला शाळेतल्या राजकारणाचा मुद्दा. आरटीई कायद्याचं कलम २७ शिक्षकांना बिगर-शैक्षणिक कामं लावायला मनाई करतं, अपवाद तीनच: जनगणना, आपत्ती आणि निवडणूक. बीएलओ म्हणून, म्हणजे मतदार यादीच्या कामासाठी, दारोदार फिरणारे कोण? कित्येकदा गुरुजीच. माझं मतदान केंद्रही एका शाळेतच असतं. निवडणूक आयोगाचा नियम असा की केंद्रावर पाणी, उजेड, स्वच्छतागृह आणि रॅम्प हवाच. गेल्या खेपेला मी गेलो तेव्हा पायऱ्यांवर लाकडी फळ्यांचा रॅम्प टाकलेला होता, व्हरांड्यात पाण्याचे दोन जार, आणि वर्गात नवा बल्ब. कोपऱ्यातल्या नळाला तोटी नव्हती, तिथे चिंध्यांचा बोळा कोंबलेला. फळ्यावर कुणीतरी ‘आजचा पट’ लिहून पुढचा आकडा पुसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला तिकडूनच गेलो. मांडववाला टेम्पोत रॅम्प चढवत होता.